नट टाकला का, चाचा?

ज्यांच्यामुळे मी पदवीधर झालो, त्यांचं नाव आधीच सांगून टाकतो : अकोल्याचे पाईपवाले चाचा.

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात माझा सत्कार झाला, तेव्हा मी आईवडिलांचे आणि गुरुजनांचे आभार मानले, आणि मनापासून मानले. चाचांचं नाव मात्र घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायला मला सक्त मनाई होती. ती मनाई मी पुढे मोडली. कशी, ते शेवटी येईल.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण त्या पाटीला चाचांनी वर्षानुवर्षं ब्रेक ऑइलचे हात पुसले होते, त्यामुळे 'पाईप' एवढाच शब्द वाचता यायचा. सगळा मोहल्ला त्यांना पाईपवाले चाचा म्हणायचा. चाचीसुद्धा कधी रागावल्या तर "ओ पाईपवाले" अशीच हाक मारायच्या.

धंदा एकच. गाड्यांच्या ब्रेकचे आणि डिझेलचे बारीक लोखंडी पाईप बनवायचे. पाईप मापाने कापायचा, दोन पट्ट्यांच्या शिकंज्यात धरायचा आणि वरून दट्ट्या पिळत त्याचं तोंड फुलवायचं, सनईसारखं. ब्रेकचा पाईप असेल तर ती फुललेली कड पुन्हा आत दुमडायची, म्हणजे तिथे दुहेरी भिंत होते आणि दाबाखाली गळत नाही. पहिल्या प्रकाराला चाचा 'सिंगल' म्हणायचे, दुसऱ्याला 'डबल'. आणि सगळ्या मनुष्यजातीचीही त्यांनी याच दोन प्रकारांत विभागणी केली होती. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही तो सिंगल. दाब आला तरी गळत नाही तो डबल. एखादं गिऱ्हाईक दुकानातून गेलं की चाचा त्याच्या पाठीकडे बघून निकाल द्यायचे, "सिंगल." नगरसेवक सिंगल, मेहुणा सिंगल, बातम्या सांगणारी बाई सिंगल. डबल माणूस मी त्यांच्या तोंडून फार दिवस ऐकलाच नाही.

मी कृषी विद्यापीठात शिकत होतो. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून खोली शोधत त्यांच्या दुकानापाशी आलो. दुकानावर एक खोली रिकामी होती. चाचांनी माझी मुलाखत घेतली. जात, गाव, बापाचा धंदा काही विचारलं नाही. हातात पाईपचा तुकडा दिला आणि म्हणाले, "सांग, नट कधी टाकाचा?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. नट म्हणजे शेवटी आवळायची वस्तू. म्हणालो, "सगळ्यांत शेवटी."

चाचा इतके हसले की समोरच्या दुकानातले रेडिएटरवाले काका बाहेर आले. "अरे हे आयका!" चाचा त्यांना म्हणाले, "शेवटी टाकते म्हणे! याले काईच येत नाई. याले खोली देऊन टाकतो. ज्याले थोडं थोडं येते, तो किरायदार ताप देते."

मग मला समजावलं. पाईपचं दुसरं तोंड फुलवायच्या आधी दोन्ही नट पाईपवर ओवून घ्यायचे असतात. एकदा दोन्ही टोकं फुलली की नट आत जाऊच शकत नाही. मग केलेलं तोंड कापायचं, पुन्हा करायचं, आणि पाईप भरतो आखूड. या धंद्यात हीच एक चूक आहे आणि ती सगळ्यांच्या हातून होते, असं ते म्हणाले. मग छाती पुढे काढून म्हणाले, "एक मले सोडून."

याच्यावरून त्या गल्लीत एक रिवाज पडला होता. दुकानावरून जाणारा माणूस नमस्कार, सलाम काही करायचा नाही. "नट टाकला का, चाचा?" असं ओरडायचा. चाचा मान वर न करता म्हणायचे, "टाकला बाप्पा, टाकला!" भाजीवाली मावशी विचारायची, चहावाला विचारायचा, शाळेत जाणारी पोट्टी विचारायची. मीही जिना उतरताना विचारू लागलो. काम करताना ते दोन्ही नट अंगठ्यांसारखे डाव्या हाताच्या करंगळीत घालून ठेवायचे आणि वेळ आली की झोकात पाईपवर सोडायचे. बघणाऱ्याला वाटावं, नवरा मुलगा अंगठी घालतोय.

आणि पैज होती. रेडिएटरवाले काका समोर बसून वर्षानुवर्षं एकाच दिवसाची वाट बघत होते. चाचांनी सगळ्या गल्लीसमोर कबूल केलं होतं, की ज्या दिवशी या हातून नट राहील त्या दिवशी विजेच्या खांबाखाली उभा राहून कोंबड्यासारखा आरवीन. काका अधूनमधून विचारायचे, "चाचा, गळा साफ हाय न?" चाचा म्हणायचे, "तू तुयं रेडिएटर पाय. मायं आरवणं आयकाले तुया नातवाचा नातू येईन."

त्यांच्या सवयी किती सांगू. कापलेल्या प्रत्येक पाईपात ते फुंकर मारायचे. कीस निघून जावा म्हणून, असं कारण सांगायचे, पण खरं म्हणजे शिट्टी वाजावी म्हणून. लांब पाईपची शिट्टी म्हणजे जेवण वाढ, आखूड पाईपची म्हणजे चहा पाठव, हे चाचींना बरोबर समजायचं. एकदा लांब-आखूड पाईपांचं भलं मोठं काम आलं, तर चाचींनी आतून चहा, जेवण, पुन्हा चहा, पुन्हा जेवण असं पाठवलं. शेवटी स्वतः बाहेर येऊन विचारलं, "पेट है के गोदाम?"

आणि सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांना ब्रेक देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सायकलला ब्रेक नव्हते. ते पायाने थांबायचे. उजवी चप्पल महिन्याभरात झिजायची, डावी तशीच नवीन. घरात डाव्या चपलांचा ढीग साचला होता. मी एकदा विचारलं, "चाचा, स्वतःच्या सायकललाच ब्रेक का नाही?"

"ब्रेकच्या अंदर काय काय असते हे मले मालूम हाय," ते म्हणाले. "म्हणूनच भरोसा नाई."

त्या वर्षांत वऱ्हाडात चौकशीला येणाऱ्यांच्या गाड्या फार झाल्या होत्या. कुठली समिती, कुठला अभ्यासगट. खेड्याखेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना प्रश्न विचारायचे आणि खराब रस्त्यांवर पाईप फोडून घेऊन चाचांकडे यायचे. एका साहेबांनी गाडीचं काम होईपर्यंत वेळ जावा म्हणून चाचांनाच विचारलं, की या भागातली परिस्थिती तुम्हाला कशी वाटते. चाचा म्हणाले, "ट्रॅक्टरवाले फुटल्या पाईपाले ट्यूबची पट्टी गुंडाळून येऊन राहिले साहेब. तुमी मात्र नवा टाकून राहिले. लिहून घ्या." साहेबांनी खरोखर लिहून घेतलं. ते वळल्यावर चाचांनी पाठीकडे बघून निकाल दिला, "सिंगल."

आमच्या घरीही परिस्थिती काही वेगळी नव्हती. आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, मोगरा. लोकांना वाटतं, फुलाला कापसाचं काय. पण ज्या वर्षी कापूस हात देत नाही, त्या वर्षी लग्नं पुढे ढकलली जातात, आणि झाली तरी गजऱ्याऐवजी प्लास्टिकच्या माळा येतात. त्या दसऱ्याला बाबांनी अमरावतीच्या बाजारात झेंडूचे ढीग तसेच सोडून दिले आणि रिकाम्या पोत्यांची घडी घालून घरी आले. पुढे माघात बाबा आणि मोठे काका यांनी मिळून एक जुनी जीप घेतली. सकाळी फुलं अमरावतीला न्यायची, दिवसभर प्रवासी भरायचे आणि लग्नसराईत वऱ्हाड ओढायचं, असा बेत. फक्त जीप चालवणारं कोणी नव्हतं. मला मामाने सुट्टीत ट्रॅक्टर शिकवला होता. मोठे काका म्हणाले, "घरचं पोट्टं असताना बाहेरचा ड्रायव्हर कायले?"

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलअखेर संपणार होती.

जीपचं इंजिन बरं होतं, ब्रेक मात्र नव्हते म्हटलं तरी चालेल. पाईप सडून गेले होते. बाबांनी ती हळूहळू अकोल्याला आणली आणि चाचांच्या दुकानासमोर उभी केली. मी बाजूलाच उभा होतो. बाबा म्हणाले, "चाचा, हिचं तेवढं करून द्या. गाडी झाली की पोराले संगं घेऊन जातो."

"अन् परीक्षा?" चाचांनी विचारलं.

"लग्नसराई परीक्षेसाठी थांबते का?" बाबा म्हणाले. पण म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, जीपच्या चाकाकडे बघत होते. घरात बाबांना उलट उत्तर द्यायची पद्धत नव्हती, आणि देऊन तरी काय सांगणार होतो? परीक्षा पुढच्या वर्षी देता येते असं सगळे म्हणतात. त्या वर्षांत पुढचं वर्ष कोणी बघितलेलं नव्हतं.

चाचांनी जीपखाली घुसून पाहणी केली, बाहेर आले आणि म्हणाले, "या गाडीचा पाईप अलग हाय. बाजारात नाई. अमरावतीहून मागवा लागते. शनवारी एक नग येते. पुढच्या रईवारी या, तुमच्यासमोर बनवतो."

पुढच्या रविवारी बाबा सकाळच्या एस.टी.ने आले. चाचींसाठी केळीच्या पानात मोगऱ्याचा गजरा आणला होता. टायरवर बसून ते काम बघू लागले. चाचांनी एक तोंड फुलवलं, कड आत दुमडली, पाईप वळवला, फुंकर मारून शिट्टी वाजवली. भाजीवाली मावशी जाताना ओरडली, "नट टाकला का, चाचा?"

"टाकला मावशी, टाकला!" चाचांनी दुसरं तोंड शिकंज्यात धरलं आणि दट्ट्या पिळला. काम देखणं झालं. त्यांनी पाईप दोन्ही हातांत धरून उन्हात वर केला.

आणि डाव्या करंगळीत दोन नट चमकले.

मग समोरून रेडिएटरवाले काका हातातलं काम टाकून धावत आले. "चाचाऽऽ! बोटात काय हाय?"

चाचांनी करंगळीकडे असं बघितलं, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. "अर्रर्र. नट रह गया."

काका आनंदाने इतके हादरले होते की त्यांना खांबाकडे बोटही नीट दाखवता येईना. चहावाला आला, पोट्टी आली, गच्च्यांवर बाया आल्या. चाचांनी हात पुसले, टोपी सरळ केली, खांबाखाली उभे राहिले, मान उंच केली आणि डोळे मिटून आरवले. "कुकूऽऽचकूऽऽ!" वाईट आरवले नाहीत. मागच्या गल्लीतून एका खऱ्या कोंबड्याने उत्तर दिलं.

पाईप आखूड भरला. काका म्हणाले, "एवढ्याशानं काय होते? जरासं वळण सोड, पुरते." चाचा म्हणाले, "ब्रेक हाय तो. पाण्याचं डबडं नोहे." आणि बाबांना म्हणाले, "माफ करा भाऊ. पुढच्या शनवारी दुसरा नग येते."

पुढच्या रविवारी बाबा आले, तेव्हा गल्लीत आधीच गर्दी होती. चाचांनी एक नट टाकला आणि एक करंगळीतच ठेवला. कुकूचकू. त्यानंतरच्या रविवारी दोन्ही नट टाकले, पण एक पाठमोरा टाकला. आटे आतल्या बाजूला, तोंड भलतीकडे. इथे वाद झाला. काका म्हणाले, पूर्ण आरवावं लागेल. चाचा म्हणाले, नट राहिला नाही, फिरला आहे. चहावाल्याने निवाडा केला, की अर्धं आरवावं. चाचा खांबाखाली गेले, "कुकू" एवढंच म्हणाले आणि परत येऊन बसले. खऱ्या कोंबड्यानेही त्या दिवशी अर्धंच उत्तर दिलं असं काका शपथेवर सांगत.

मग बाबांनी युक्ती काढली. नट स्वतःच्या मुठीत धरून बसले आणि वेळ आली तेव्हा स्वतः ओवले, बरोबर बाजूने. सगळ्या गल्लीने श्वास रोखला. पाईप उत्तम झाला. चाचांनी तो जीपखाली नेला आणि आतून आवाज आला, "अर्रर्र. हा तं डाव्या चाकाचा झाला."

लोक रविवारी खुर्च्या घेऊन यायला लागले. चाचांच्या नावाचा सगळीकडे बभ्रा झाला. ट्रकवाले हॉर्न वाजवण्याऐवजी आरवून जाऊ लागले. मला फार वाईट वाटायचं. एवढा नावाजलेला कारागीर आणि त्याचा हात असा एकाएकी जावा. बाबांसाठीही वाईट वाटायचं, कारण लग्नाची एकेक तारीख निघून चालली होती आणि घरी मोठे काका काय बोलत असतील ते मला न ऐकताही ऐकू यायचं. आणि खरं सांगायचं, तर दर रविवारी संध्याकाळी बाबांची एस.टी. गेली की मी वर जाऊन पुस्तक उघडायचो, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं. आणखी एक आठवडा मिळाला होता.

मग ईद आली. मी शीरखुर्मा खायला खाली त्यांच्या घरात गेलो. वाटी हातात घेऊन बसलो, तर चमचा खाली पडला. तो उचलायला वाकलो आणि पलंगाखाली बघतो तर काय, जीपच्या पाईपाचं भलं मोठं वेटोळं. अख्ख्या जिल्ह्याच्या जीपांना पुरेल एवढं. त्याच्यावर चाचींनी पापड वाळत घातले होते.

मी सरळ होऊन बसलो तेव्हा चाची माझ्याकडेच बघत होत्या. "पेपर कब खतम हैं तेरे?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावीस एप्रिलला. शनिवारी."

"तो बस." त्यांनी वाटीत आणखी शीरखुर्मा ओतला. "अट्ठाईस तक ये पाईप अकोले में आताच नाई. समझा?"

मी वाटी तशीच ठेवून उठलो. दुकानात जाऊन मी चाचांना म्हणालो, "चाचा, तुम्ही माझ्यासाठी..."

"चूप!" त्यांनी पाना उगारला. "तू सिंगल हाय. दाब पडला की गळशील. जा, अभ्यास कर. मी आरवून राहिलो अन् तू इथं उभा राहून टाइम खोटी करून राहिला."

मी अभ्यास केला. तसा अभ्यास मी आधी कधी केला नव्हता आणि नंतरही नाही. मृदाशास्त्राचं पान वाचता वाचता खालून कुकूचकू ऐकू यायचं आणि मी ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचो.

परीक्षा शनिवारी संपली. रविवारी बाबा आले. गर्दी होतीच. चाचांनी पलंगाखालचं वेटोळं उघड उघड बाहेर आणलं, त्याला एकदोन पापड चिकटलेले होते. त्यांनी पाईप कापले, नट ओवले, तोंडं फुलवली. एकामागून एक सगळे पाईप, एकही चूक नाही. दुपारच्या आत सगळे बसवूनही झाले. लोक हिरमुसून खुर्च्या उचलून गेले. काका तर "आज तब्येत बरी नाई वाटते त्याची" असं म्हणत आत गेले. मी जीपमध्ये बसून ब्रेक दाबत होतो आणि चाचा खालून नळीतली हवा काढत होते. "दाब. सोड. दाब. सोड." शेवटी ते बाहेर आले. आता दुकानात आम्ही तिघंच होतो.

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काहो चाचा, आज भुल्ले नाई?"

"आज भुलाचं काई कारण नोहतं," चाचांच्या तोंडून निघून गेलं. मग जीभ चावून ते पाना शोधू लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

"मले तो पाठमोरा नट पायला तेव्हाच समजलं," बाबा म्हणाले. "मी गजरे करतो चाचा. गाठ सुटली का सोडली, मले दिसते."

चाचांनी पाना खाली ठेवला. "समजलं होतं? मंग दर रईवारी इतक्या दुरून कायले येत होते?"

"घरी सांगाले पाहिजे न, गाडी झाली नाई म्हणून." बाबांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. "भावासमोर, पोराले शिकू द्या, असं मले म्हणवलं नसतं. गाडी झाली नाई, हे म्हणता येत होतं. ते मी दर रईवारी जाऊन म्हटलं."

मग बाबा उठले. मला वाटलं, चाचांच्या पाया पडतात की काय. पण ते सरळ रस्त्यावर गेले, विजेच्या खांबाखाली उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि आरवले. बाबांना कधी मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. आरवणं काही जमलं नाही, मध्येच खोकला आला. मागच्या गल्लीतल्या कोंबड्याने दखल घेतली नाही.

चाचांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बाहीने पुसले आणि वर ऑइल लावून घेतलं. बाबांच्या पाठीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "पाय बे. हा माणूस डबल हाय. पयला पायला मी."

निघताना त्यांनी मला बजावलं. "कोणाले सांगायचं नाई. भुलक्कड मिस्त्रीकडे गिऱ्हाईक येते. जो जाणूनबुजून काम बिघडवते, त्याच्याकडे नाई येत. बोलला तर तुले सामानासकट खाली फेकतो."

मी पास झालो. नोकरी लागली, आणि फिरतफिरत आता चिखलदऱ्याला आहे. कॉफीची रोपं बघतो. ती जीप बाबा स्वतःच चालवायला शिकले. तिचे ब्रेक इतके चांगले आहेत आणि बाबा इतके भित्रे, की कोंबडी रस्ता ओलांडायचं मनात आणते तेव्हाच गाडी थांबते. प्रवासी वैतागतात, फुलं मात्र कधी चुरगळत नाहीत.

चाचांचं नाव मात्र गेलं ते गेलंच. मी जेव्हा जेव्हा अकोल्याला जायचो, तेव्हा गल्ली "नट टाकला का?" विचारायची, पण आता दात काढून विचारायची. चाचा "टाकला बाप्पा" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. मग मागच्या महिन्यात चाचींचा फोन आला. चाचांचा हात आता थरथरतो, दुकान भाच्याकडे देऊन टाकताहेत. गल्लीने निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय. हार आहे, नारळ आहे, आणि रेडिएटरवाले काकांनी वर्गणी काढून एक कोंबडा आणलाय, भेट द्यायला. चाची एवढंच म्हणाल्या, "हसते वो भी. पर रात को खाना कम खाते."

मी स्वतः गेलो असतो तर चाचांनी पहिल्याच वाक्याला पाना दाखवून मला गप्प केलं असतं. पत्राला पाना दाखवता येत नाही. चाचांना मराठी वाचता येत नाही, त्यांची पत्रं रेडिएटरवाले काकाच मोठ्याने वाचून दाखवतात, हे मला माहीत होतं. म्हणून पत्र पाठवलं. ते असं :

ती. चाचा यांस सा. नमस्कार.

रेडिएटरवाले काका, हे पत्र सगळ्यांसमोर, मोठ्याने आणि एकही ओळ न गाळता वाचावं. तुम्हाला चाचींची शपथ आहे. चाची बाजूलाच उभ्या आहेत, त्यांना मी फोन केला आहे.

चाचा, मी तुमची मनाई मोडतो आहे. ज्या गिऱ्हाइकाचं काम तुम्ही मुद्दाम बिघडवलं, त्या गिऱ्हाइकाने, म्हणजे माझ्या बाबांनी, मला तशी परवानगी दिली आहे. आता दुकान तुमचं नाही, तेव्हा धंद्याचं नुकसान होण्याचा प्रश्न नाही.

मंडळी, आमच्या जीपचा नट कधीच राहिला नाही. तो ठेवला होता. माझी परीक्षा संपेपर्यंत मला जीपवर जावं लागू नये, म्हणून चाचांनी तो बोटात ठेवला, पाठमोरा घातला, उजव्याचा डावा केला. पाईप अमरावतीहून येत नव्हता, चाचींच्या पलंगाखालून येत होता. खोटं वाटत असेल तर चाचींना विचारा. पापडाचे डागसुद्धा असतील.

म्हणजे चाचांच्या हातून आयुष्यात एकदाही नट सुटलेला नाही. ते पैज हरले नव्हते. त्यांनी केलेलं सगळं आरवणं फुकट गेलं आहे, आणि ते परत करायचं गल्लीवर बाकी आहे.

काका, थांबू नका, वाचा. मुख्य म्हणजे ते तुमच्यावर बाकी आहे. खांब अजून तिथेच आहे असं चाची म्हणाल्या. गळा साफ करून घ्या. पाठमोऱ्या नटाचं अर्धं धरलं तरी चालेल. उत्तर द्यायला तुम्ही आणलेला कोंबडा आहेच.

चाचा, तुम्ही मला सिंगल म्हणाला होतात. इतकी वर्षं मी गळलो नाही. आज गळतो आहे, तेव्हा सिंगल की डबल, तो निकाल तुमच्याकडे राहू द्या. इथे घाटात एस.टी. उतरते तेव्हा ड्रायव्हर वळणावर ब्रेक दाबतो आणि मला खालून तुमचा आवाज ऐकू येतो. दाब. सोड. दाब. सोड.

काका, पत्र संपलं. आता बाहेर या.

तुमचा किरायदार